वाढलेले पान आणि चिमूटभर मीठ

आपल्याकडील मंगलकार्यातील पंगत ज्याने पाहिली आहे, त्यास पान वाढण्याची रीत निराळी सांगावयास नको. वरच्या अंगास मध्यभागी मीठ. त्याच्या डाव्या बाजूस लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजव्या बाजूस भाजी व आमटी. मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर वरण. ‘आपणांस चटणी कोठे वाढू?’ असे वाढपी कोणासही विचारीत नाही, आणि कोणी त्याबद्दल रागावतही नाही. पंगतीस बसलेला दहा वर्षांचा मुलगा असो की सत्तर वर्षांचे आजोबा असोत, पानाकडे न पाहताही हात नेमका कोशिंबिरीकडे जातो. परंतु ही रीत ज्यांनी घातली त्यांनी आणखीही एक गोष्ट जाणली होती. जिभा निरनिराळ्या असतात. म्हणून मीठ व लिंबू ही पानात वेगळी ठेविली. ज्यास हवे त्याने चिमूटभर घ्यावे. मात्र, ‘पानात मीठ वाढले आहे, तेव्हा आमटीत मीठ घालणे हे आता पाहुण्यांचे काम’, असे म्हणून एखाद्या आचाऱ्याने आमटी अळणीच उतरविली, तर यजमानाची अब्रू काय राहील?

हे सारे येथे लिहिण्याचे कारण असे की, हल्ली आपला पुष्कळसा व्यवहार ज्या पडद्यांवर चालतो, त्यांच्याविषयी हाच प्रश्न उभा आहे. संगणक किंवा फोन विकत घेतला म्हणजे त्यात काही मांडणी अगोदरच ठरून आलेली असते. अक्षर केवढे, भाषा कोणती, कळफलक कोणता, कोणते बटण कोठे, हे सर्व आपण हात लावण्यापूर्वीच कोणीतरी ठरविलेले असते. हिला ‘डीफॉल्ट’ म्हणतात. आपण तिला आयती मांडणी म्हणू. शिवाय ‘सेटिंग’ नावाच्या दालनात ती मांडणी आपल्या मनाप्रमाणे बदलण्याच्या सोयी असतात. यांपैकी कशास अधिक मान द्यावा, याविषयी संगणकाच्या जाणत्यांत जुना वाद आहे. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या ‘ग्नोम’ या मांडणीच्या कर्त्यांनी २००२ साली आपल्या दुसऱ्या आवृत्तीतून पुष्कळशा सेटिंगा काढून टाकल्या आणि थोडे ठेवावे, पण ते नीट ठेवावे, असे धोरण धरिले. ‘केडीई’ या दुसऱ्या मांडणीच्या कर्त्यांनी, वापरणाऱ्यास शक्य तेवढे सर्व बदलता यावे, हा आपला बाणा राखिला. दोन्ही पक्षांचे लोक बुद्धिमान आहेत आणि दोन्ही पक्षांस आपापले अनुयायी आहेत. परंतु हा वाद केवळ जाणत्यांचा आहे असे समजून आपण स्वस्थ बसणे योग्य होणार नाही. कारण त्याचा निकाल आपल्या मुलांच्या मराठीवर होत आहे. तो कसा, हे सांगण्याकरिता प्रथम एक लहानसा अनुभव निवेदन करितो.

यंदा वार्षिक अंकाच्या मराठी विभागाकरिता विद्यार्थ्यांकडून लेख मागविले. जे आले ते तीन प्रकारचे होते. काही कागदावर हाताने लिहिलेले; ते वाचण्यास अडचण पडली नाही. एक कविता एका पालकांनी मोठ्या हौसेने घरच्या जुन्या संगणकावर टंकून पाठविली होती. ती उघडून पाहता पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी दिसली, कविता कोठेच दिसेना. आणि उरलेले सारे लेख, म्हणजे निम्म्याहून अधिक, मराठीच होते, परंतु रोमन अक्षरांत लिहिलेले! त्यांतील एका लेखाच्या कर्त्यास, आठवीतील एका मुलास, मी बोलावून विचारले, “अरे, मराठीचा लेख या अक्षरांत का?” तो संकोचून म्हणाला, “सर, माझ्या फोनमध्ये मराठी येत नाही.” त्याच्या वडिलांच्या संमतीने तो फोन मागवून घेतला. सेटिंगचे दालन उघडले, त्यातून दुसरे, त्यातून तिसरे, त्यात भाषांची लांबलचक यादी, आणि त्या यादीत शांतपणे बसलेली मराठी. खूण करताच बाळबोध अक्षरांचा कळफलक पडद्यावर आला. मुलगा चकित झाला. तीन वर्षे तो फोन त्याच्या घरात होता, आणि तीन वर्षे मराठी त्यात होती!

सेटिंगच्या पक्षाचा कोणी तेथे असता तर म्हणाला असता, ‘पाहा, सोय होती की नाही?’ होय, होती. परंतु ज्या विहिरीचा पत्ता गावात कोणासही ठाऊक नाही, त्या विहिरीने गावाची तहान भागते काय? जे अस्तित्वात आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्यास दिसत नाही, ते त्याच्यापुरते नाहीच.

आता त्या दुसऱ्या लेखाकडे, म्हणजे खिचडी झालेल्या कवितेकडे वळू. तिची हकीकत थोडी जुनी आहे. छापखान्याच्या काळी वाचकास मांडणीची चिंता नव्हती. ती सारी जुळाऱ्याच्या माथी होती. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांच्यामुळे खिळ्यांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट होते. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरीचे सुबक खिळे पाडण्याची खटपट केली, आणि त्याच छापखान्यात लहानपणी कामास राहिलेल्या जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी पुढे १८६४ साली स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना व १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढिला. निर्णयसागरचे अक्षर पुढे कित्येक पिढ्यांस ‘छापील देवनागरी’ म्हणून डोळ्यांत भरून राहिले. ग्रंथ उघडणाऱ्या वाचकास कोणी विचारिले नाही की आपणांस कोणते वळण पसंत आहे. विचार करणाऱ्याने आयुष्य खर्चून तो अगोदरच केलेला होता. उत्तम आयती मांडणी म्हणतात ती हीच.

पुढे संगणक आला आणि हा भार जुळाऱ्याच्या माथ्यावरून उतरून प्रत्येकाच्या माथी आला. १९९० च्या सुमारास व त्यानंतर पुण्याच्या पेठापेठांतून टंकनाची व अक्षरजुळणीची दुकाने निघाली. मराठी फाँट अनेक झाले, आणि ते दिसावयास देखणेही होते. त्यांच्या कर्त्यांचे ऋण मराठी मुद्रणाने मानलेच पाहिजे. परंतु बहुतेकांनी अक्षरांचे गुप्त क्रमांक आपापल्या मर्जीने ठरविले. एकाच्या घरी ज्या क्रमांकावर ‘क’, तेथे दुसऱ्याच्या घरी ‘ढ’. कळफलकही तसेच: कोणाचा टंकलेखन यंत्राच्या वळणावर, कोणाचा इंग्रजी उच्चारांच्या वळणावर, कोणाचा स्वतःच्या कल्पनेचा. ज्याने त्याने आपल्या सोयीचे निवडावे, याहून मोठे स्वातंत्र्य ते कोणते? पण परिणाम असा झाला की नारायण पेठेत टंकलेला मजकूर कसब्यात वाचता येईना. ज्या फाँटात लिहिले तोच फाँट वाचणाऱ्याजवळ नसला की मराठीची खिचडी होई. लिहिणे हा मुळातच दोघांमधला व्यवहार आहे. त्यात प्रत्येकाने आपले माप निराळे धरिले, तर बाजार चालेल कसा? आमच्या पालकांची ती कविता अशाच एका जुन्या फाँटात अडकून पडली होती.

याचा उपाय सुचलाच नव्हता असे नाही. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ नावाचा कळफलक सर्व भारतीय लिप्यांकरिता प्रमाण ठरविला. भारतीय लिप्यांच्या क्रमांकांची ‘इस्की’ ही एक पद्धती १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने मान्य केली. आपल्या पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने या दोहोंच्या प्रसारासाठी पुष्कळ परिश्रम केले. त्याच १९९१ साली जगातील सर्व लिप्यांस एका सूत्रात ओवणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधाराने झाली. आज आपण पुण्यात लिहिलेले मराठी लंडनमधील मराठी घरात जसेच्या तसे उमटते, ते या एका सामाईक कराराचे फळ होय.

इन्स्क्रिप्ट कळफलक नीट पाहण्यासारखा आहे. विचारपूर्वक केलेली मांडणी कशी असते याचा तो नमुनाच आहे. स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. त्यामुळे व्यंजन आणि त्याची मात्रा लिहिताना दोन्ही हात पाळीपाळीने चालतात. ज्या कळीवर ‘क’, तिच्यावरच शिफ्ट दाबून ‘ख’. ‘ग’ व ‘घ’ एका कळीवर, ‘त’ व ‘थ’ एका कळीवर, ‘प’ व ‘फ’ एका कळीवर. ‘ल’च्या कळीवरच ‘ळ’. म्हणजे पहिलीच्या भिंतीवरील वर्णमाला ज्यास पाठ आहे, त्याने हा कळफलक अर्धा शिकलाच आहे. शिवाय मराठीसाठी हा ज्याने शिकला त्यास बंगाली किंवा कानडी टंकताना कळा नव्याने शोधाव्या लागत नाहीत. ‘क’ची जागा सर्व लिप्यांत एकच. इतका सुंदर विचार, तरी तो घरोघर गेला नाही. का? माझ्या मते मुख्य कारण एकच: तो यादीत राहिला, पानात वाढला गेला नाही.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नव्हे. २००१ साली निघालेल्या ‘विंडोज एक्सपी’ या प्रणालीत देवनागरीची व्यवस्था होती. परंतु ती पूर्णपणे चालू करण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या दालनात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि पुष्कळदा मूळची सीडी यंत्रात घालावी लागे. ज्यांस हे ठाऊक नव्हते, त्यांच्या संगणकावर मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, नाही तर वेलांट्या अक्षरांपासून सुटून भलतीकडे पडत. असे हजारो लोक ‘संगणकाला मराठी समजत नाही’ असे म्हणून इंग्रजीकडे वळले. २००७ साली त्यापुढील आवृत्ती बाजारात आली. तीत हीच व्यवस्था आयती चालू होती. लिपी तीच, लोक तेच; फरक एवढाच की चौकटीतील खूण आता कारखान्यात केली गेली. त्या एका खुणेने जे झाले, ते शेकडो व्याख्यानांनी झाले नसते.

आयत्या जागेचे मोल व्यापारी मंडळी आपणांहून चांगले जाणतात. गुगल कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या शासनाने चालविलेल्या खटल्यात असे उघड झाले की, ॲपलच्या यंत्रांवर शोधाचे साधन म्हणून आपलेच नाव आयते असावे, याकरिता त्या कंपनीने २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर ॲपलला दिले. हे साधन सेटिंगमध्ये जाऊन कोणासही बदलता येते. त्यास पैसा पडत नाही. तरीही एवढी रक्कम कोणी उगाच देईल काय? लोक बहुधा बदलत नाहीत, हे त्यांस पक्के ठाऊक आहे. याचा अर्थ लोक मूर्ख किंवा आळशी आहेत असा मुळीच नव्हे. गृहिणीस स्वयंपाक आहे, शेतकऱ्यास शेत आहे, विद्यार्थ्यास परीक्षा आहे. यंत्राच्या पोटात शिरून त्याची रचना तपासावी, एवढी फुरसत त्यांस नसते, आणि ती असावी अशी अपेक्षा करणेही न्यायाचे नव्हे. ज्यास निवडण्याचे ज्ञान नाही त्याच्यापुढे पन्नास पर्याय ठेवणे यास स्वातंत्र्य म्हणत नाहीत. तो कर्त्याने आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्याचा प्रकार आहे.

येथे कोणी शहाणा वाचक मला अडवील आणि म्हणेल, “हे ठीक, पण मांडणी ठरविणारा चुकला तर? तो दूर बसून आमचे पान वाढणार, त्यास आमची चव काय ठाऊक?” हा आक्षेप खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. मराठीनेच त्याची झळ सोसली आहे. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ आपल्या वळणाचा. परंतु पुष्कळशा आयत्या फाँटांत ही अक्षरे हिंदी वळणाने उमटतात, कारण देवनागरी म्हणजे हिंदी असे कोणीतरी धरून चालले. मराठी वळण त्याच फाँटाच्या पोटात कधी कधी असते, पण मजकुरावर ‘ही मराठी आहे’ अशी खूण केल्यावाचून ते बाहेर येत नाही. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीची वर्णमाला व लिपी यांविषयी निर्णय काढून अक्षरांची रूपे निश्चित केली, ती याच गोंधळास आळा घालण्याकरिता.

आणि त्या आठवीतील मुलाचेच पुढे काय झाले ते ऐका. मराठी कळफलक मिळाल्यावर त्याने आपला सिंहगडच्या सहलीचा लेख पुन्हा बाळबोधीत लिहून आणिला. त्यात एक वाक्य असे होते की, गडावरून खाली पाहिले असता खोल ‘दर्या’ दिसत होता. सिंहगडाच्या पायथ्याशी समुद्र! त्यास लिहावयाचे होते ‘दऱ्या’. परंतु तो ‘ऱ’ त्याच्या फोनात ‘र’च्या कळीखाली दडलेला होता, आणि कळ दाबून धरल्यावाचून तो वर येत नव्हता. याच लेखाच्या आरंभी ‘आचाऱ्याने’ हा शब्द आला आहे. तो ‘आचार्याने’ असा छापला गेला असता तर आमटी अळणी उतरविण्याचा आरोप एखाद्या विद्वानावर आला असता. मराठीस ज्या भेदावाचून अर्थ सांगता येत नाही, तो भेद हिंदीस लागत नाही. म्हणून मांडणी करणाऱ्याच्या तो ध्यानात आला नाही.

दृष्टी अधू असलेल्या आजोबांस अक्षर मोठे हवे असते. ज्यास मुळीच दिसत नाही त्यास यंत्राने वाचून दाखवावे लागते. डावखुऱ्यास बटण दुसऱ्या अंगास हवे. यांच्यापुरती सेटिंग ही चैन नाही, गरज आहे. पानातील मीठ ज्यांनी काढून टाकिले त्यांचाही पक्ष म्हणूनच मला मान्य नाही. परंतु वरील सर्व उदाहरणांचा अर्थ नीट लावावा. ‘ल’ चुकला, ‘ऱ’ दडला, याचे खरे उत्तर आणखी एक सेटिंग हे नव्हे. आयती मांडणी करताना मराठी जाणणारा माणूस त्या ठिकाणी बसलेला असावा, हे त्याचे उत्तर आहे. वाईट स्वयंपाकावर उपाय म्हणून मिठाचा ढीग वाढत नाहीत; आचारी शिकवितात, किंवा बदलतात.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे. जो सर्वांत कमी जाणतो त्यास डोळ्यांसमोर ठेवून आयती मांडणी करावी. जो निराळा आहे त्याच्याकरिता बदलण्याची सोय ठेवावी, ती हाताशी ठेवावी, आणि बदलून चुकल्यास मागे येण्याची वाटही मोकळी असावी. पहिले कर्तव्य करून मग दुसरे करणारा तो उत्तम यजमान. दुसऱ्याच्या नावाने पहिले टाळणारा, त्याच्या यादीत हजार पर्याय असले, तरी पाहुण्यास उपाशी ठेवणाराच होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यातील काहीजण उद्या याच पुण्यातील हिंजवडीच्या किंवा खराडीच्या कचेऱ्यांत बसून जगाकरिता असे पडदे तयार कराल. एखादी गोष्ट कशी असावी याचा निर्णय होईना म्हणजे ‘दोन्ही ठेवू, वापरणारा निवडील’ असे म्हणण्याचा मोह तुम्हांस होईल. त्या वेळी क्षणभर थांबून विचारा, की हे आपण वापरणाऱ्याच्या भल्यासाठी करीत आहो, की विचार करण्याचा कंटाळा आला म्हणून? आणि तो वापरणारा कोण, हेही डोळ्यांसमोर आणा. तो पौडाजवळच्या वस्तीतील तुमची आजी असेल.

पालकांस व आम्हां शिक्षकांसही यात काम आहे. शाळेच्या संगणकांवर मराठी कळफलक मागितल्यावर न देता, मूल खुर्चीवर बसण्यापूर्वीच तो तेथे असावा. पाचवीतच सर्व मुलांस एकच कळफलक, आणि तो इन्स्क्रिप्ट, शिकवावा. वर्णमाला ताजी असते तोच त्याचा काळ. घरात नवा फोन आला की पहिल्या दिवशी पाच मिनिटे खर्चून त्यात मराठी चालू करून द्यावी. मुलाने मागण्याची वाट पाहू नये, कारण जे असते हे त्यास ठाऊकच नाही, ते तो मागणार कसे?

त्या मुलाचा लेख दुरुस्त करून आम्ही छापावयास घेतला आहे. त्याने परवा सांगितले की, गावी असलेल्या आपल्या आजीस त्याने पहिल्यांदाच मराठी अक्षरांत निरोप पाठविला. यापूर्वीचे त्याचे निरोप तिला शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावे लागत. हा तिने स्वतः वाचला. त्याच्या घरी तीन वर्षे जे चालले होते, ते मोडण्यास पाच मिनिटे लागली. आता प्रश्न एवढाच आहे की, ती पाच मिनिटे प्रत्येक घरी कोणी मास्तर जाऊन खर्च करणार, की मांडणी करणारा एकदाच सर्वांकरिता खर्च करणार?